शिंजिरो टोरी : पिंपात काळ साठवणारा व्यापारी

किनवट, माहूर, हिमायतनगरच्या वनपट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची फुले गळू लागतात. ती वेचून, वाळवून, आंबवून त्यांची दारू गाळण्याची परंपरा जुनी आहे. ही दारू पाण्यासारखी स्वच्छ असते आणि गाळली की थोड्याच दिवसांत पिऊन संपते. भट्टीतून नुकतीच बाहेर पडलेली व्हिस्कीही मुळात अशीच रंगहीन आणि जिभेला झोंबणारी असते, हे अनेकांना ठाऊक नसते. तिचा सोनेरी रंग, तिचा गंध आणि तिची मृदुता ही लाकडी पिंपातील अनेक वर्षांच्या वास्तव्याची देणगी होय. लोणचे जसे बरणीत मुरते, तशी व्हिस्की पिंपात मुरते. फरक एवढाच, की बरणी लोणच्याला काही देत नाही. पिंप मात्र व्हिस्कीला आपले सारे पूर्वायुष्य देऊन टाकते.

स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांना हे गुपित काटकसरीतून उमगले. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील शेरी ही वाइन ओक लाकडाच्या पिंपांतून ब्रिटनच्या बंदरांत उतरत असे. रिकामी झालेली पिंपे स्वस्तात मिळत. त्यांत व्हिस्की भरून ठेवली, तेव्हा लाकडात झिरपलेल्या शेरीचा रंग आणि सुक्या मेव्याचा गंध तिच्यात उतरला. एकाच कारखान्यात, केवळ मोड आणून वाळवलेल्या जवापासून तयार झालेल्या व्हिस्कीला सिंगल माल्ट म्हणतात. पोर्ट, मदिरा, बोर्दो अशा निरनिराळ्या वाइनच्या पिंपांत मुरवलेल्या सिंगल माल्ट आज जगभरच्या शौकिनांच्या चर्चेचा आणि संग्रहाचा विषय आहेत. मात्र वाइनच्या एका पिंपाने ज्याच्या आयुष्याची दिशाच बदलली, असा माणूस स्कॉटलंडमध्ये नव्हे, तर जपानमधील ओसाका या व्यापारी शहरात होऊन गेला. त्याचे नाव शिंजिरो टोरी.

टोरी यांचा जन्म ३० जानेवारी १८७९ रोजी ओसाका येथे झाला. वडील नाणी आणि चलनाच्या अदलाबदलीचा व्यवसाय करीत. शिंजिरो हे धाकटे अपत्य. त्या काळच्या ओसाकात व्यापारी घरातील मुलाने शाळेच्या बाकापेक्षा पेढीच्या ओट्यावर शिकावे, अशी रीत होती. त्यानुसार वयाच्या तेराव्या वर्षी ते औषधांच्या एका घाऊक पेढीवर उमेदवारी करू लागले. ही पेढी औषधांबरोबर परदेशी मद्यांचाही व्यापार करीत असे. वाइन, ब्रँडी, व्हिस्की यांचे गंध या मुलाने तेथेच प्रथम अनुभवले. औषधी द्रव्ये तोलता-मिसळताना त्यांचे नाक असे काही तयार झाले, की पुढे त्यांच्या घ्राणेंद्रियाची कीर्ती साऱ्या शहरात पसरली. आयुष्यभर त्यांची खरी पुंजी भांडवल नव्हे, तर हे नाकच होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१८९९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, टोरी यांनी स्वतःचे छोटेसे दुकान थाटले. स्पेनहून आलेली वाइन विकावी, हा त्यांचा बेत होता. तो साफ फसला. ती वाइन अस्सल होती, पण जपानी जिभेला ती आंबट आणि तुरट लागली. ग्राहक फिरकेनात. दुसरा कोणी असता तर त्याने लोकांच्या अरसिकतेला बोल लावला असता. टोरी यांनी मात्र आपल्या मालात दोष आहे असे मानले. त्या वाइनमध्ये साखर आणि सुगंधी द्रव्ये निरनिराळ्या प्रमाणात मिसळून त्यांनी असंख्य प्रयोग केले. १९०६ मध्ये दुकानाचे नाव कोतोबुकिया झाले आणि १९०७ मध्ये अकादामा पोर्ट वाइन ही गोड वाइन बाजारात आली. अकादामा म्हणजे लाल गोळा, अर्थात सूर्य. बाटलीवरील या सूर्याने टोरी यांचे नशीब उजळले.

अकादामा केवळ चवीवर खपली नाही. जाहिरातीचे महत्त्व ओळखणाऱ्या जपानमधील पहिल्या पिढीच्या व्यापाऱ्यांत टोरी यांची गणना होते. वृत्तपत्रांतील मोठ्या जाहिराती, वाइनच्या नावाने काढलेली संगीत-नाट्य मंडळी, असे नाना मार्ग त्यांनी चोखाळले. १९२२ मध्ये एमिको मात्सुशिमा या अभिनेत्रीचे उघड्या खांद्यांचे छायाचित्र असलेले अकादामाचे भित्तिपत्रक प्रसिद्ध झाले आणि देशभर खळबळ उडाली. त्याची नक्कल पुढे अनेकांनी केली. पण याच माणसाने त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, ओसाकातील गरीब वस्तीत मोफत औषधोपचाराचे केंद्र सुरू केले होते. नफ्याचा एक वाटा समाजाला परत गेला पाहिजे, ही त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी अखेरपर्यंत पाळली.

या भरभराटीच्या काळातच ती घटना घडली. त्या वेळी जपानमध्ये व्हिस्की म्हणून जे विकले जाई, ते बहुधा साध्या मद्यार्कात रंग आणि सुगंध मिसळून केलेले मिश्रण असे. कोतोबुकियाही या व्यवसायात होतीच. कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते, की लिक्यूर या गोड मद्यासाठी आणलेला मद्यार्काचा साठा वाइनच्या जुन्या पिंपात भरून ठेवला गेला आणि काही वर्षे तसाच राहून गेला. पिंप उघडले, तेव्हा आतील द्रवाला पिवळसर झळाळी आली होती. त्याचा उग्रपणा जाऊन त्याला एक वेगळीच गोलाई प्राप्त झाली होती. टोरी यांच्या नाकाने त्यातील मर्म तत्काळ हेरले. हा माल १९१९ मध्ये टोरीज या नावाने बाजारात गेला आणि बघता बघता संपला.

खरा पेच इथून पुढे सुरू होतो. टोरीज ही शास्त्रोक्त अर्थाने व्हिस्की नव्हती. ती एका विसरलेल्या पिंपाची कृपा होती. असा माल पुन्हा हवा, तर तो योगायोगाने मिळणार नव्हता. आजवर टोरी यांनी पदार्थ मिसळून चव घडवली होती. या पिंपातील चव मात्र कोणी मिसळलेली नव्हती. ती वाइन प्यायलेल्या लाकडाने आणि निघून गेलेल्या वर्षांनी घडवली होती. साखर विकत आणता येते, सुगंध विकत आणता येतो. वर्षे विकत आणता येत नाहीत, ती साठवावी लागतात. जपानच्या मातीत जवापासून खरीखुरी व्हिस्की गाळायची आणि ती पिंपात मुरवायची, या ध्यासाने टोरी यांना पछाडले.

हा निर्णय त्यांनी सहकाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा एकजात सर्वांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते. कारखाना उभारायला प्रचंड पैसा लागणार होता. पहिली पाच-सात वर्षे विकायला एक बाटलीही मिळणार नव्हती. इतके करून जपानच्या हवेत व्हिस्की मुरते की बिघडते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शिवाय अकादामाचा धंदा जोरात असताना हा आगीशी खेळ कशाला, असा त्यांचा रास्त सवाल होता. टोरी यांचे उत्तर साधे होते. करून पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही, अशी त्यांची धारणा होती. आणि अकादामा जोरात चालते म्हणूनच ही जोखीम घेता येईल, असे त्यांचे गणित होते. वाइनने व्हिस्कीला पोसावे, असा हा बेत होता.

जाणकार माणसाचा शोध त्यांनी थेट स्कॉटलंडपर्यंत घेतला. तेथून त्यांना कळले, की हवा असलेला माणूस जपानमध्येच आहे. मासाताका ताकेत्सुरु हा हिरोशिमा जिल्ह्यातील साके गाळणाऱ्या घराण्यातील तरुण १९१८ मध्ये स्कॉटलंडला गेला होता. ग्लासगो येथे त्याने रसायनशास्त्राचे धडे घेतले, तेथील कारखान्यांत प्रत्यक्ष काम केले, रीटा कोवन या स्कॉटिश तरुणीशी विवाह केला आणि १९२० मध्ये तो मायदेशी परतला. ज्या कंपनीने त्याला पाठवले होते, तिची आर्थिक स्थिती मधल्या काळात ढासळल्याने व्हिस्कीचा बेत बारगळला होता. टोरी यांनी १९२३ मध्ये त्याला दहा वर्षांच्या करारावर घेतले. वर्षाला चार हजार येन हे वेतन स्कॉटलंडहून येणाऱ्या तज्ज्ञासाठी ठरवलेले होते. तेच, एका पैशाची घासाघीस न करता, या एकोणतीस वर्षांच्या जपानी तरुणाला देण्यात आले.

जागेच्या निवडीवरून दोघांचा पहिला मतभेद झाला. ताकेत्सुरु यांना स्कॉटलंडशी साम्य असलेला थंड होक्काइदो प्रांत हवा होता. टोरी यांना कारखाना ओसाकाजवळ, लोकांच्या डोळ्यांसमोर हवा होता. अखेरीस क्योतो आणि ओसाका यांच्यामधील यामाझाकी हे गाव निश्चित झाले. येथे तीन नद्यांचा संगम आहे. त्यांच्या पाण्याच्या तापमानातील फरकामुळे परिसरात धुके दाटते आणि हवेत ओलावा टिकतो. पिंपांसाठी ही हवा उपकारक होती. येथील झऱ्यांच्या पाण्याचा लौकिक तर इतका जुना, की सोळाव्या शतकातील थोर चहाआचार्य सेन नो रिक्यू यांची चहाची कुटी याच परिसरात होती. ११ नोव्हेंबर १९२४ रोजी यामाझाकीचा कारखाना सुरू झाला. जपानमधील अस्सल माल्ट व्हिस्कीचा हा पहिला कारखाना होय.

त्यानंतरची वर्षे कसोटीची ठरली. जवाची पोती गाड्या भरभरून कारखान्यात जात आणि बाहेर मात्र काहीच येत नसे. गावकऱ्यांना हा प्रकार उमगेना. कारखान्यात उसुके नावाचा राक्षस राहतो आणि तोच हा सारा जव फस्त करतो, अशी दंतकथा पंचक्रोशीत पसरली. गावकऱ्यांचा राक्षस काल्पनिक होता. कोतोबुकियाच्या हिशेबवह्यांतला राक्षस मात्र खरा होता. अकादामाच्या कमाईतला पैसा तो दरवर्षी गिळत होता. हा खर्च भागवण्यासाठी टोरी यांनी नाना उद्योग केले. १९२६ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांसाठी स्मोका नावाची दंतपूड काढली, १९२८ मध्ये योकोहामाजवळील बिअरचा कारखाना विकत घेतला.

१ एप्रिल १९२९ रोजी सनटोरी या नावाने पहिली जपानी व्हिस्की बाजारात आली. अकादामाच्या बाटलीवरील सूर्य, म्हणजे इंग्रजीतला सन, आणि त्याला जोडलेले टोरी हे आडनाव, अशी या नावाची फोड सांगितली जाते. किंमत होती साडेचार येन. विलायती व्हिस्कीच्या बरोबरीचा हा दाम लावताना टोरी यांनी आपला सारा आत्मविश्वास पणाला लावला होता. ग्राहकांनी तो धुळीस मिळवला. स्कॉटलंडच्या पद्धतीप्रमाणे जव वाळवताना पीट ही दलदलीतील जळाऊ माती वापरली होती. तिच्या धुराचा वास जपानी लोकांना करपल्यासारखा वाटला. पिंपातील वर्षेही कमी पडली होती. कोवळेपणा झाकला जात नव्हता. तीस वर्षांपूर्वी स्पॅनिश वाइनच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. एकदा चूक करून जो शिकला होता, तोच माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात पडला होता.

१९३१ मध्ये तर पैशाअभावी यामाझाकीच्या भट्ट्या वर्षभर थंड राहिल्या. १९३२ मध्ये चांगली चाललेली दंतपूड विकावी लागली. १९३३ मध्ये पत्नी कुनी यांचे निधन झाले. १९३४ मध्ये बिअरचा कारखानाही गेला. त्याच वर्षी दहा वर्षांचा करार संपवून ताकेत्सुरु बाहेर पडले आणि त्यांनी होक्काइदोमधील योइची येथे आपला स्वतंत्र कारखाना उभारला. पुढे निक्का या नावाने तो प्रसिद्धीस आला. दोघांच्या वियोगाचे कारण वैयक्तिक वैरापेक्षा दृष्टीतील भेदात अधिक होते. ताकेत्सुरु यांना स्कॉटलंडच्या परंपरेशी तडजोड नको होती. टोरी यांना जपानी जेवणाबरोबर, जपानी माणसाच्या जिभेला रुचेल अशी व्हिस्की हवी होती. काळाने पुढे दोघांनाही न्याय दिला. पण १९३४ च्या त्या वर्षी पंचावन्न वर्षांचे टोरी एकटे पडले होते.

त्यांच्याजवळ दंतपूड नव्हती, बिअर नव्हती, तज्ज्ञ नव्हता. पण यामाझाकीच्या अंधाऱ्या गोदामांत पिंपे होती, आणि बाहेर काहीही घडत असले, तरी त्या पिंपांत काळ साठत होता. ही गोदामे गहाण टाकण्याची वेळ आली असती तरी नवल नव्हते. तथापि टोरी यांनी साठा राखला. ते स्वतःच प्रमुख मिश्रक झाले. रोज नमुने हुंगायचे, चाखायचे, कोणत्या पिंपातील व्हिस्की कोणाशी जुळते याची नोंद करायची, हा त्यांचा नेम होऊन बसला. धुराचा वास कमी झाला. १९२४-२५ मधील पहिली पिंपे आता बारा वर्षांची होत आली होती.

ऑक्टोबर १९३७ मध्ये टोरी यांनी कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेल्या चौकोनी बाटलीत नवी व्हिस्की आणली. जुन्या जपानी कोरीव काचकामावरून या बाटलीची कल्पना त्यांना सुचली होती. लोक तिला काकुबिन, म्हणजे चौकोनी बाटली, याच नावाने ओळखू लागले. या वेळी ग्राहकांनी पाठ फिरवली नाही. या यशाला काळाचीही साथ होती, हे नाकारता येणार नाही. युद्धाच्या छायेत विलायती व्हिस्कीची आयात आटत चालली होती आणि पुढे जपानी नौदल हे मोठे गिऱ्हाईक ठरले. तरीही बाटलीतला माल कच्चा असता, तर ही संधी टिकली नसती. तेरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर यामाझाकीच्या जवाचा हिशेब लागला.

नियतीला मात्र हे सुख निर्भेळ द्यायचे नव्हते. ज्याच्या हाती कारभार सोपवायचा, तो थोरला मुलगा किचितारो १९४० मध्ये अकाली निवर्तला. महायुद्ध पेटले. परदेशी ओक लाकडाची पिंपे येणे बंद झाले, तेव्हा मिझुनारा या देशी ओकची पिंपे घडवण्यात आली. हे लाकूड सच्छिद्र आणि कारागिराला जेरीस आणणारे. त्यातून व्हिस्की झिरपे आणि सुरुवातीला तिला लाकडाचा वास फार येई. मात्र बऱ्याच वर्षांनी याच पिंपांतून चंदनाची, उदबत्तीची आठवण करून देणारा दुर्मीळ गंध प्रकटला. अडचणीतून जन्मलेले हे पिंप आज जपानी व्हिस्कीची ओळख बनले आहे. मार्च १९४५ च्या बॉम्बवर्षावात ओसाका शहर होरपळले, कंपनीचे मुख्य कार्यालय जळाले. यामाझाकी मात्र वाचले. गोदामातील पिंपांच्या आधाराने सदुसष्ट वर्षांच्या टोरी यांनी १९४६ मध्ये स्वस्त दराची नवी टोरीज बाजारात आणली. पराभूत, कंगाल देशातील कामगाराला परवडेल अशी ती व्हिस्की होती. १९१९ च्या त्या विसरलेल्या पिंपाचे नावच त्यांनी पुन्हा उचलले, हे लक्षणीय आहे.

१९६१ मध्ये त्यांनी कंपनीची सूत्रे दुसरे चिरंजीव केइझो साजी यांच्याकडे सोपवली आणि २० फेब्रुवारी १९६२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, जगाचा निरोप घेतला. पुढच्याच वर्षी कोतोबुकियाचे नाव सनटोरी झाले. टोरी यांच्या हयातीत सनटोरीची कीर्ती झाली ती मिश्र व्हिस्कीमुळे. यामाझाकीची सिंगल माल्ट १९८४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी आली. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित ब्रिटिश व्हिस्की मार्गदर्शिकेने शेरीच्या पिंपात मुरलेल्या यामाझाकीला जगात पहिला क्रमांक दिला, तेव्हा स्कॉटलंडमध्ये अनेकांच्या भुवया उंचावल्या.

वाइन आणि व्हिस्की यांचे जे नाते टोरी यांना एका पिंपात अवचित दिसले, ते त्यांच्या वारसांनी जाणीवपूर्वक फुलवले. १९८३ मध्ये सनटोरीने फ्रान्समधील बोर्दो येथील शातो लाग्रांज हा द्राक्षमळा विकत घेतला. बोर्दो वाइनच्या पिंपांत मुरलेली व्हिस्की आज यामाझाकीच्या मिश्रणात असते. उमे या जपानी फळापासून केलेल्या गोड मद्याच्या पिंपांचाही त्यांनी उपयोग केला. स्कॉटलंडमध्ये हे चालले नसते. तेथील पिंपांचे नियम २०१९ मध्ये सैल झाले, तरी आठळीच्या फळांपासून केलेल्या मद्याची पिंपे स्कॉचसाठी वर्ज्यच राहिली. परंपरा जिथे दार बंद करते, तिथे बाहेरचा माणूस खिडकी शोधतो, याचे हे उदाहरण.

ती खिडकी भारतातही उघडली. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीजचे नीलकंठ जगदाळे यांनी २००४ मध्ये ग्लासगो येथे, व्हिस्कीच्या माहेरी, भारतीय सिंगल माल्ट सादर केली, तेव्हा १९२३ मध्ये टोरी यांना विचारला गेलेलाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. या हवेत व्हिस्की मुरेल काय? स्कॉटलंडमध्ये पिंपातील साधारण दोन टक्के व्हिस्की दरवर्षी हवेत उडून जाते; बंगळुरूच्या उष्म्यात हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही पुढे जाते. पण त्याच उष्म्याने ती लवकर परिपक्वही होते. पुढे अमृतने संत्र्याच्या साली घालून मुरवलेल्या शेरीच्या पिंपात व्हिस्की ठेवली आणि तिचे नाव नारंगी ठेवले. ओसाकाच्या त्या गंधवेड्या व्यापाऱ्याला ही कल्पना नक्कीच भावली असती.

टोरी यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध लोकांची जीभ ओळखण्यात गेला आणि उत्तरार्ध वाट पाहण्यात. पहिल्याने त्यांना पैसा दिला, दुसऱ्याने नाव. जाहिरात, वितरण, मिश्रण या साऱ्या विद्यांत निपुण असलेल्या या व्यापाऱ्याला पिंपातील वर्षे मात्र कधीच कमी करता आली नाहीत आणि ती कमी होत नाहीत, हे मान्य करण्यातच त्यांचे मोठेपण होते. यामाझाकीत जव आजही जातो आणि त्याची व्हिस्की आजही अनेक वर्षांनीच बाहेर येते. उसुके राक्षसाची गोष्ट सांगणारे गावकरी आता राहिले नाहीत. जव कुठे जातो, हा त्यांचा प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. तो काळाच्या स्वाधीन होत होता, आणि काळाने तो सव्याज परत केला.